घराभोवतीचे वुडलाउस कसे ओळखायचे (रंगावर जाऊ नका)

इंग्लंडात राहत असाल तर कुंडी उचलली किंवा भिंतीलगतची वीट सरकवली की हे करडे जीव पळताना दिसणारच आणि सगळे एकसारखेच वाटणार. हे कीटक नाहीत, खेकडा-कोळंबीच्या जातकुळीतले आहेत, पायांच्या ७ जोड्या. घराजवळ नेहमी भेटणाऱ्या जाती मोजक्याच, त्यामुळे एक १० एक्सचं (दहापट मोठं दाखवणारं) भिंग आणि पारदर्शक डबी असली की काम होतं.

आधी हलकेच बोट लावा. पूर्ण गोळी झाली तर बहुतेक आर्माडिलिडियम वल्गेरे. गोळी होऊनही मिशा (डोक्यावरच्या स्पर्शिका) बाहेरच राहिल्या आणि अंगावर लांब पट्टे असले तर त्याचाच भाऊबंद आर्माडिलिडियम नासाटम, ग्रीनहाऊसमध्ये हा बऱ्यापैकी दिसतो. ग्लोमेरिस नावाचा मिलिपीडपण (वाणी किड्याच्या जातकुळीतला) गोळी होतो, पण त्याचं शेपटीकडचं कवच एकच मोठं असतं, वुडलाउसला तिथे बारीक बारीक पट्ट्या असतात.

गोळी होत नसेल तर मात्र खरा घोळ सुरू होतो, पॉर्सेलिओ स्केबर की ओनिस्कस असेलस. दोघेही साधारण दीड सेंटिमीटर, दोघेही करडे. पुस्तकात लिहिलेलं असतं की स्केबर खरखरीत आणि असेलस चकचकीत, कडा फिकट, ते बरोबरच आहे पण ओला झाला की स्केबरपण चमकतो आणि रंग तर दोघांचेही बदलतात, म्हणून मी सांगेन की सरळ मिशीचं टोक बघा. शेवटचा बारीक भाग स्केबरमध्ये २ तुकड्यांचा, असेलसमध्ये ३. तरी डाउट असेल तर डबी वर धरून खालून पोटाची मागची बाजू बघा, तिथे पांढऱ्या ठिपक्यांच्या २ जोड्या दिसल्या तर स्केबर, त्याच्या श्वास घ्यायच्या जागा आहेत त्या, असेलसला नसतात. बघून झालं की लगेच ओलाव्यात सोडा प्लीज, कोरड्यात हे फार टिकत नाहीत.

अर्धा फिकट अर्धा गडद दिसला तर ती वेगळी जात नाही, हे कात दोन टप्प्यांत टाकतात, आधी मागचा अर्धा भाग.

गवतातून सुसाट पळणारा, काळं डोकं, पाठीवर मधोमध गडद रेघ, तो फिलोसिया. कंपोस्टमध्ये द्राक्षावर असते तशी निळसर पूड अंगावर असलेला दिसला तर पॉर्सेलिओनायडीस प्रुइनोसस, हा भारतातही सापडतो, त्यामुळे सुट्टीत गावी गेलात तर शेणखताच्या ढिगातही बघा.