नशेची बातमी वाचताना पेन्सिल जवळ ठेवा

जिल्हा आवृत्तीच्या नाइट डेस्कवर माझी 26 वर्षं गेली. ‘ड्रग्जचा विळखा’ हे हेडिंग मी स्वतःच कितीदा लावलं, मोजदाद नाही. दोन कॉलमांत चपखल बसायचं. म्हणून नव्या पोरांना सरावाला आपली कात्रणं देत नाही, अमेरिकेचं 1986 साल देतो. त्या बातम्यांचं पुढे काय झालं, ते आता माहीत आहे.

आधी तारखा मांडा. 17 जूनला बोस्टन सेल्टिक्सने लेन बायस या 22 वर्षांच्या बास्केटबॉलपटूला निवडलं. 19 जूनला कोकेनने तो गेला. 2 सप्टेंबरला सीबीएस या टीव्ही वाहिनीने क्रॅक या कोकेनच्या प्रकारावर दोन तासांचा कार्यक्रम दाखवला. 27 ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ड्रग्जविरोधी कायद्यावर सही केली. चार महिन्यांत सगळं उरकलं!

मग पदार्थाच्या नावाखाली रेघ मारा. बायस क्रॅकने गेला, असं बहुतेकांनी धरलं होतं. पुढच्या वर्षी खटल्यात त्याच्या सोबत्यांनी सांगितलं, कोकेनची पूड नाकाने ओढली होती. क्रॅक म्हणजे तीच पूड सोडा घालून शिजवलेली. पण कायद्याने 5 ग्रॅम क्रॅक विकणाऱ्याला किमान 5 वर्षं कैद, आणि पूड विकणाऱ्याला तेवढीच शिक्षा व्हायला 500 ग्रॅम लागत. क्रॅकच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले ते बहुतेक काळे. 2010 मध्ये ही तफावत 18 पटीवर आली, मिटली नाही.

आकडा दिसला की समासात ‘किती जणांवरून?’ लिहा. ‘क्रॅक बेबी’ची, म्हणजे आईच्या नशेने पोटातलं पोर बिघडतं अशी, धास्ती ज्या 1985 च्या अभ्यासावरून पसरली, त्यात कोकेन घेणाऱ्या गरोदर बायका होत्या 23.

फोटो असेल तर जास्तच सावध. 5 सप्टेंबर 1989 ला राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी टीव्हीवर क्रॅकची पिशवी उंचावली. व्हाइट हाउससमोरच्या बागेत पकडली म्हणाले. तिथे कुणी क्रॅक विकतच नव्हतं. अधिकाऱ्यांनी 18 वर्षांच्या एका पोराला मुद्दाम तिथे बोलावलं. व्हाइट हाउस कुठे आहे, हेही त्याला विचारावं लागलं! हे बाहेर काढलं वॉशिंग्टन पोस्टनेच, तेव्हा आमच्या धंद्याला सरसकट शिव्या नकोत. पण त्याच महिन्यातल्या एका जनमत चाचणीत 64 टक्के लोकांनी देशाचा सर्वांत मोठा प्रश्न ड्रग्ज सांगितला.

आता आजचा पेपर घ्या. ‘आंतरराष्ट्रीय बाजारात अमुक कोटी’ हे खोडा आणि पकडलेल्या मालाचं वजन शोधा. आम्ही ते चौथ्या परिच्छेदात टाकायचो.