पडणारं नाटक बसवताना
सोसायटीच्या गणपतीत नेपथ्य माझ्याकडे असतं. हसवण्यासाठी नाटकाचा मुद्दाम बोजवारा उडवायचा असेल, तर आधी ते एकही चूक न करता बसवा; गोंधळ मागाहून. आपण विनोदी आहोत हे पात्रांना कळताच कामा नये. दार अडकलं की त्यांना खरा घाम फुटला पाहिजे.

पडणारा फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातली उभी खोटी भिंत, मात्र गंमत नव्हे. 1928 साली मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन सिनेमात पडत्या भिंतीच्या खिडकीमुळे वाचला, तो मोजमापावर! आम्ही खालची कड बिजागऱ्यांनी जखडतो, नटाच्या जागेवर खडूची फुली मारतो, आणि आधी रिकाम्या खुर्चीवर दहादा पाडून बघतो. पहिल्या वर्षी खुर्ची मोडली. फ्लॅटची दोरी एकाच्याच हातात.

प्रॉम्प्टरलाही सगळं सांगून ठेवा. आमच्याने मुद्दाम विसरलेलं वाक्य विंगेतून खणखणीत म्हणून टाकलं.