विमानाचं तिकीट कसं वाचायचं: पीएनआर, कनेक्टिंग, नो-शो आणि बाकीचे शब्द

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, मग मुंबईचं, तेव्हापासून आमच्याकडे पहिल्यांदा विमानात बसणारी माणसं खूप वाढलीत. त्याच्या आधीपासूनच सोलापुरातल्या बऱ्याच घरांत पोरगा नाहीतर पोरगी बाहेरदेशी आहे, आणि आईवडिलांचं तिकीट काढून द्यायचं, समजावून सांगायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे येतंय. त्यामुळे सांगतो, तिकीट काढणं अवघड नाही, ते कुणीही मोबाईलवर काढतं. आलेलं तिकीट नीट वाचणं अवघड आहे, आणि तिथेच लोक व्हॉट्सअपवर आलेला सल्ला ऐकून फसतात.

आधी नाव. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर. झालं.

मग तारीख आणि वेळ. बाहेरदेशीची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ००:५० लिहिलंय म्हणजे १४ तारखेची रात्र, १५ ची नाही. म्हणजे १४ ला रात्री नऊ-साडेनऊला तुम्ही मुंबईच्या विमानतळावर पाहिजे, म्हणजे सोलापुरातून सकाळची वंदे भारत १४ ची पकडायची. १५ ला सकाळी आरामात निघू म्हणणारे मी दोनदा बघितलेत, त्यातल्या एकांना वेळेत फोन केला म्हणून वाचले. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते, आणि पोचायच्या वेळेपुढे +१ असेल तर दुसऱ्या दिवशी पोचणार.

गावाचा तीन अक्षरी कोड पण बघा. सोलापूर एसएसई, पुणे पीएनक्यू, हैदराबाद एचवायडी. मुंबईचे आता दोन आहेत, जुना बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय, गोव्याचेही दोन, दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. गोव्यात तर एक दक्षिणेला आणि एक पार उत्तरेला, चुकीच्या ठिकाणी टॅक्सी गेली तर विमान गेलंच समजा.

आता नॉनस्टॉप आणि डायरेक्ट. हे दोन्ही एकच आहे असं सगळे सांगतात, तसं नाहीये. नॉनस्टॉप म्हणजे इथून उडालं ते थेट तिथेच उतरलं. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण मध्ये कुठेतरी उतरू शकतं, जशी एसटी टेंभुर्णीला थांबते पण गाडी तीच. आणि कनेक्टिंग म्हणजे मध्ये उतरून दुसरं विमान पकडायचं. मधल्या थांब्याला लेओव्हर म्हणतात, आंतरराष्ट्रीय प्रवासात तो २४ तासांच्या वर गेला की स्टॉपओव्हर.

कनेक्टिंग असेल तर इथे थांबा आणि पुढचं सावकाश वाचा, बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल.

प्रश्न एकच आहे, तुमच्या हातात एक तिकीट आहे की दोन? पीडीएफ एक असते, पैसे एकदाच कापले जातात, म्हणून माणसाला वाटतं तिकीट एक. तसं धरू नका. बुकिंगच्या साइट बऱ्याचदा दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं एकत्र करून स्वस्तात दाखवतात आणि कुठेतरी बारीक अक्षरात सेल्फ ट्रान्सफर लिहितात. सेल्फ ट्रान्सफर म्हणजे मधली सगळी जबाबदारी तुमची. पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही, त्यांच्या दृष्टीनं तुम्ही आलाच नाहीत, म्हणजे नो-शो. एकाच तिकिटावर असाल तर कंपनीला तुम्हाला पुढच्या विमानात बसवून शेवटच्या गावाला पोचवावं लागतं.

हे मी शिकलो ते माझ्या मावशीच्या प्रवासात. ती ६८ वर्षांची, मुलीकडे जर्मनीला चालली होती, पहिल्यांदाच एकटी. मी पुणे ते दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्ली ते फ्रँकफुर्ट जाऊन-येऊन दुसऱ्या कंपनीचं असं काढलं, कारण सहा हजार वाचत होते आणि मध्ये तीन तास दहा मिनिटं होती, भरपूर वाटली. पुण्याचं विमान दोन तास उशिरा सुटलं. दिल्लीत उतरून तिला बॅग घ्यायची होती, टर्मिनल बदलायचं होतं, आणि दिल्लीचं एक नंबर टर्मिनल तीन नंबरपासून लांब आहे, रस्त्यानं जावं लागतं. ती पोचली तेव्हा काउंटर बंद झालेलं. मी इकडे सोलापुरात फोन धरून बसलेलो, ती तिकडे बाकावर एकटी, आणि मला काहीच करता येईना. खरा धक्का नंतर बसला. जातानाचं विमान नो-शो झालं म्हणून येतानाचं पण आपोआप रद्द झालं, कारण ते त्याच तिकिटावर होतं. बहुतेक कंपन्यांचा नियमच तसा आहे, पहिला टप्पा वापरला नाही की पुढचे सगळे टप्पे जातात. सहा हजार वाचवायच्या नादात जायचं आणि यायचं दोन्ही तिकीट नव्यानं काढावं लागलं, आणि त्या रात्री मावशी किती घाबरली होती ते मी विसरलेलो नाही. चूक माझीच होती, तिनं तर मी सांगितलं तसंच केलं.

तर तपासायचं कसं. सगळे म्हणतात पीएनआर बघा, एक पीएनआर म्हणजे एक तिकीट. अर्धंच बरोबर आहे ते. रेल्वेचा पीएनआर दहा आकडी, विमानाचा सहा अक्षरांचा, अक्षरं आणि आकडे मिसळून. पण हा नुसता बुकिंगचा नंबर आहे, आणि प्रवासात दोन कंपन्या असतील तर एकाच तिकिटावर दोघींचे दोन वेगळे पीएनआर असू शकतात. म्हणून खरा बघायचा तो ई-तिकीट नंबर. तो १३ आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे, एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, लुफ्थांसाचे २२०. सगळ्या टप्प्यांपुढे एकच १३ आकडी नंबर असेल तर तिकीट एक. एका नंबरात चारच टप्पे मावतात, त्यामुळे लांबच्या प्रवासात लागोपाठचे दोन नंबर दिसले तर घाबरू नका, ते जोडतिकीट असतं. पण पहिले तीन आकडे वेगळे, नंबरचा एकमेकांशी काही मेळ नाही, तर ती दोन तिकिटं आहेत, साइट काहीही म्हणो. काही स्वस्त कंपन्या १३ आकडी नंबर देतच नाहीत, तिथे पीएनआरवरच जायचं.

माझं मत विचाराल तर वयस्कर माणसाला, पहिल्यांदा जाणाऱ्याला आणि लहान लेकरू बरोबर असलेल्या बाईला दोन तिकिटांवर कधीही पाठवू नका. कितीही स्वस्त असू दे. आणि मधला थांबा परदेशात असेल तर अजून एक अडचण, दोन तिकिटं म्हणजे बॅग घ्यायला इमिग्रेशन पार करून बाहेर यावं लागतं, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. एका तिकिटावर बऱ्याच ठिकाणी आतल्या आत ट्रान्सफर होतं. तुम्ही स्वतः तरुण आहात, पैसे वाचवायचेच आहेत, तर एक रात्र मध्ये ठेवा, तीन-चार तासांच्या भरवशावर राहू नका.

कोडशेअर हा शब्द दिसला तर घोटाळा नाही तो. फ्लाइट नंबर एका कंपनीचा, विमान दुसरीचं. विमान ज्या कंपनीचं, चेक-इनला तिच्या काउंटरवर जायचं, बस.

सामानाचं. केबिन बॅग, म्हणजे विमानात बरोबर नेतो ती, देशात साधारण ७ किलो, चेक-इन, म्हणजे काउंटरवर देतो ती, १५ किलो, पण तिकिटावर लिहिलेलंच खरं. पॉवर बँक केबिनमध्येच, शेंगाचटणी आणि लोणचं चेक-इनमध्ये, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा, त्या पेट घेऊ शकतात म्हणून चालत नाहीत. बॅग दिली की काउंटरवरच टॅगवरचा कोड वाचा, शेवटच्या गावाचा असेल तर बॅग थ्रू गेली. मात्र येताना टॅगवर पुणे लिहिलेलं असलं तरी भारतात पहिल्यांदा जिथे उतराल तिथे साधारणपणे बॅग घेऊन कस्टम्समधून जावं लागतं आणि परत द्यावी लागते. अमेरिकेत शिरतानाही तसंच. हे न सांगितल्यामुळे लोकांच्या बॅगा दिल्लीत पट्ट्यावर फिरत राहतात.

वेब चेक-इन घरूनच करा. पण चेक-इन झालं म्हणजे विमानात बसलो असं नाही. देशातल्या विमानाला बॅगेचं काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं आणि गेट २५ मिनिटं आधी. बोर्डिंग पासवर मोठ्या अक्षरात जी वेळ असते ती बोर्डिंगची, सुटायची वेगळी, दोन्ही बघून घ्या.

वेळेत पोचूनही जागा नाही म्हणून चढू दिलं नाही तर त्याला डिनाइड बोर्डिंग म्हणतात, कंपनीनं जास्त तिकिटं विकलेली असतात. तेव्हा गप्प परत येऊ नका. डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्यांचा नियम आहे, एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही, २४ तासांच्या आतलं दिलं तर एकेरी मूळ भाड्याच्या आणि इंधन आकाराच्या दुप्पट, जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्याहून उशिरा असेल तर चौपट, जास्तीत जास्त २०,०००. काउंटरवर नियमाचं नाव घेऊन मागा.

बॅगेच्या टॅगचा छोटा तुकडा देतात तो पाकिटात जपून ठेवा. बॅग आली नाही तर पट्ट्याजवळच्या काउंटरवर तोच मागतात आणि पीआयआर नावाचा फॉर्म भरून घेतात. तो भरल्याशिवाय, त्याचा नंबर हातात घेतल्याशिवाय विमानतळाच्या बाहेर पडू नका, एकदा बाहेर आलात की बॅग आलीच नव्हती हे सिद्ध करायला फार त्रास होतो.