स्लीप लॅबमध्ये यायचंय? आधी वायरी लावायला शिका

एमए सायकॉलॉजी करताना मला स्वप्नांचं भयंकर वेड होतं, स्वप्नाचा अर्थ काय, संमोहनात माणूस कुठे जातो असलं मिळेल ते वाचायचे, आणि त्या ओढीनेच पुण्यात एका स्लीप लॅबला, म्हणजे रात्रभर पेशंटची झोप तपासतात तिथे, टेक्निशियन म्हणून लागले. पहिल्या रात्री हातात काय आलं तर मोजायची टेप, पेन्सिल आणि पेस्टची डबी. नवीन येणाऱ्या बऱ्याच जणांचं इथेच मन उडतं, म्हणून आधी हेच सांगते.

पेशंट रात्री आठ-साडेआठला येतो. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, त्या अंतराच्या १० आणि २० टक्क्यांवर खुणा करायच्या, कातडी घासून घ्यायची आणि मेंदूच्या लहरी टिपणारे इलेक्ट्रोड पेस्टने बसवायचे. मग डोळ्यांपाशी, हनुवटीवर, पायांवर, नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा क्लिप. पाऊण तास सहज जातो. आणि अपॉइंटमेंट देतानाच "डोक्याला तेल लावून येऊ नका" हे दोनदा सांगा, आपल्याकडे बाहेर जायचं म्हणून माणसं चापूनचोपून तेल लावून येतात, मग एक वायर धरत नाही आणि रात्री नऊला शाम्पू करायला लावावं लागतं.

सकाळी स्कोअरिंग. रेकॉर्ड ३० सेकंदांच्या तुकड्यांत बघायचं, त्याला इपॉक म्हणतात, म्हणजे आठ तासांचे ९६०. प्रत्येकाला जाग, एन१, एन२, एन३ (हलक्या झोपेपासून गाढ झोपेपर्यंतचे टप्पे) किंवा रेम (डोळे भराभर हलतात ती स्वप्नांची झोप) असं नाव द्यायचं. सुरुवातीला मला एका रात्रीला अख्खा दिवस लागायचा. एन३ च्या मोठ्या संथ लाटा लगेच ओळखता येतात, छळतो तो एन१, तिथे सिनियर लोकांचंही एकमत होत नाही, त्यामुळे घाबरू नका.

रेमबद्दल मात्र थोडं जास्त सांगते कारण माझं सगळं त्यातच अडकलंय. शिकागोमध्ये युजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला वायरी लावून रात्र काढली, झोपलेल्या मुलाचे डोळे भराभर हलताना दिसले तेव्हा त्याला आधी मशीनच बिघडलंय असं वाटलं. १९५३ मध्ये त्याने आणि त्याचे गाइड नथानिएल क्लाइटमन यांनी ते छापलं. रेममध्ये स्वप्नं ऐन भरात असतात पण अंगाचे स्नायू ढिले पडलेले असतात, आणि ते कळतं हनुवटीच्या वायरीवरून.

हीच वायर माझ्याकडून एकदा पहाटे तीनला सुटली. पेशंटची झोपमोड नको म्हणून मी उठलेच नाही. त्या माणसाला परत एक रात्र यावं लागलं. तेव्हापासून वायर सुटली की मी उठते, झोपमोड झाली तरी चालेल.

नंतर साताऱ्याकडचे एक आजोबा आले. आजी दोन वर्षं वेगळ्या खोलीत झोपत होत्या, झोपेत हे मारतात म्हणून. पहाटे चारच्या सुमारास डोळ्यांच्या रेघा नाचायला लागल्या, रेम अगदी स्पष्ट, पण हनुवटीची रेघ खाली यायलाच तयार नाही, आणि एकदम "हाड, हाड" करत आजोबांनी लाथ झाडली. उठवल्यावर म्हणाले, बैल अंगावर आला होता. सकाळी पेस्ट पुसताना आजींनी हळूच विचारलं, "म्हणजे मुद्दाम नाही ना करत ते?" मी एवढंच म्हणाले, त्या वेळी ते झोपेतच होते, बाकी डॉक्टर सांगतील. बाकीचं खरंच डॉक्टरांनीच सांगायचं, कारण रेममध्ये स्नायू ढिले न पडण्याचा हा आजार असलेल्या बऱ्याच जणांना पुढे पार्किन्सन होतो आणि ते टेक्निशियनने घाईत बोलायचं नसतं.

संमोहनाचं विचारणारे खूप भेटतात. हिप्नॉसिस हा शब्द झोपेसाठीच्या ग्रीक शब्दावरून आलाय, पण संमोहित माणसाचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, झोपेचा नसतो, जागेपणाचाच असतो. सायकॉलॉजीवाल्यांनी त्यापेक्षा निद्रानाशासाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायची उपचारपद्धत, शिकावी असं माझं स्पष्ट मत, झोपेची डायरी लिहून घेणं, अंथरुणातला वेळ कमी करणं, झोप येत नसेल तर उठून बसायला लावणं, आणि हे शिकलेली माणसं कमी आहेत.

जॉइन होण्याआधी दोन-तीन रात्री नुसतं बसू द्याल का म्हणून लॅबला विचारा, आणि घरी दिवसा झोपायला काळोखी खोली मिळेल का हेही आधीच बघून ठेवा, मी पहिल्या महिन्यात खिडकीला जाड चादर ठोकली होती.