घरच्या टाकीत कोरी कॅटफिश पाळताना

मासे विकणाऱ्या दुकानात जाऊन ‘टाकी साफ ठेवणारा एखादा मासा द्या’ असे सांगितले की बहुधा सकर फिशची पिशवी हातात पडते. बोटभर लांबीचा हा कॅटफिश, म्हणजे मिशा असलेला मासा, वाढत वाढत दीड फुटाच्या आसपास जातो. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगासिअस तर मीटरभर लांबीचा होऊ शकतो. टाकीत मावेनासा झालेला मासा मग नदीत किंवा तलावात सोडला जातो, आणि दक्षिण अमेरिकेतला सकर फिश उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सापडू लागतो. म्हणून घरी कॅटफिश पाळायचा असेल तर कोरिडोरस, म्हणजे दुकानदारांच्या भाषेतील ‘कोरी’, निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. हाही दक्षिण अमेरिकेचाच, परंतु सहा-सात सेंटीमीटरवर वाढ थांबणारा आणि स्वभावाने शांत मासा आहे. मात्र तोही सफाई कामगार नव्हे. तो विष्ठा खात नाही आणि काचेवरचे शेवाळही काढत नाही.

प्रथम जात ठरवावी. ब्राँझ कोरी आणि तिचाच पांढरा प्रकार असलेली अल्बिनो कोरी नवख्यांसाठी उत्तम, कारण बदल सोसण्याची तिची ताकद चांगली असते. ठिपक्यांची पेपर्ड कोरी थंड पाण्यातली असल्यामुळे नागपूर-मुंबईच्या उकाड्यात तिचे हाल होतात. तिथे २८ अंशांपर्यंत रमणारी स्टर्बाय कोरी घेणे अधिक शहाणपणाचे. कोणतीही जात घेतली तरी किमान सहा मासे एकाच जातीचे घ्यावेत. एकटी कोरी कोपऱ्यात दबून बसते आणि नीट खातही नाही.

टाकी निवडताना उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ पाहावे, कारण या माशाचा सारा संसार तळाशीच चालतो. अडीच फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ७० लिटर पाणी मावते, आणि सहा कोरींना तेवढी जागा पुरते.

आता तळाविषयी थोडे सविस्तर, कारण बहुतेक चुका इथेच होतात. कोरी खाते कशी, हे एकदा टाकीसमोर बसून पाहावे. ती तोंड डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसते, वाळूचा घास घेते, मिशांनी आणि तोंडाने अन्नाचा कण वेगळा करते, आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बारीक धारेसारखी बाहेर सोडते. असे दिवसभर चालते. तळाशी धारदार कडांचे रंगीत खडे असतील तर हे शक्यच होत नाही. शिवाय अस्वच्छ तळातील जंतूंमुळे मिशा झडतात. माझ्या पहिल्या टाकीत निळे खडे होते आणि काही महिन्यांत माशांच्या मिशांचे नुसते खुंट उरले. तेव्हापासून मी गोल कणांच्या बारीक वाळूशिवाय दुसरे काही वापरलेले नाही. जलशुद्धीकरणाच्या फिल्टरमध्ये घालतात ती बारीक वाळू चालते. बांधकामाची क्रश सँड टाळावी, तिचे कण टोकदार असतात. समुद्रकिनाऱ्यावरची वाळूही नको, कारण तिच्यातील शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड होते. शंका असल्यास वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे. वाळू बादलीत घेऊन पाणी निवळशंख होईपर्यंत धुवावी आणि तिचा दीड-दोन इंचांचा थर द्यावा.

त्यानंतर पाणी भरून स्पंज फिल्टर सुरू करावा, पण मासे लगेच सोडू नयेत. विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकावे आणि चाचणी किटवर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की मगच मासे आणावेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून प्रत्येक वेळी अँटीक्लोरीन घालूनच पाणी वापरावे. स्पंज मात्र नळाखाली कधीच धुऊ नये. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असू द्यावा.

मासे आणल्यावर पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग दर पाच-दहा मिनिटांनी तिच्यात टाकीतले कपभर पाणी घालावे. कोरीच्या परांचे टणक काटे जाळीत अडकतात आणि बोटालाही टोचतात, त्यामुळे तिला प्लास्टिकच्या डब्याने उचलावे. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

पाणी २२ ते २६ अंश असावे. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागतो. उन्हाळ्यात झाकण काढून वर जाळी लावावी आणि पाण्यावरून पंख्याचा वारा सोडावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. अधूनमधून एखादी कोरी सरळ वर झेपावते, हवेचा घोट घेते आणि परत खाली येते. ती आतड्यातूनही श्वास घेऊ शकते, तेव्हा घाबरू नये. मात्र सगळ्याच सारख्या वर जाऊ लागल्या तर पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे असे समजून लगेच पाणी तपासावे.

दिवे मालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या घालाव्यात, म्हणजे वरचे मासे त्या पळवत नाहीत. गटारातले जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे धाग्यासारखे बारीक किडे, रोग आणतात. त्याऐवजी गोठवलेले ब्लडवर्म (चिलटांच्या लाल अळ्या) आठवड्यातून एकदोनदा द्यावेत. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे आणि तेव्हाच तळाचा गाळ नळीने ओढून घ्यावा. रोगावर उपाय म्हणून मीठ किंवा तांबेयुक्त औषध घालू नये, कोरीला ते सोसत नाही.

किंचित गार पाण्याने बदल केल्यानंतर, विशेषतः पावसाळ्यात, काचेवर मोहरीएवढी, पारदर्शक अंडी चिकटलेली दिसू शकतात. मोठे मासेच ही अंडी खाऊन टाकतात, म्हणून ती बोटाने हळूच सोडवून टाकीचेच पाणी भरलेल्या वेगळ्या डब्यात हवेच्या बारीक बुडबुड्यांजवळ ठेवावीत. तीन ते पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पहिले एकदोन दिवस ती पोटाखालच्या पिवळ्या बलकावर जगतात. तो संपला की त्यांना ताजे उबवलेले ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे सूक्ष्म जीव) द्यावेत.