रिकॉलला गाडी देताय? आधी इंजिनाचा नंबर नाही, सॉफ्टवेअरचा नंबर टिपा

रिकॉलचं, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावल्याचं, पत्र आलं होतं इंधन पंपाचं. गाडी परत आली ती कात्रजच्या चढाला दुसऱ्या गिअरवर रडायला लागली. बिलावर शून्य रुपये आणि खाली बारीक अक्षरात ‘ईसीयू अपडेट’ (ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर). काय बदललं विचारलं, तर सर्व्हिस सेंटरचा सल्लागार म्हणाला, “काही नाही काका, रुटीन असतं.”

रुटीन असेलही. पण पुरावा आपल्याकडे हवा. स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीची तपासणी करायचं सॉकेट, असतं. त्यात ब्लूटूथचा साधा अडॅप्टर लावला की मोबाइल ॲपमध्ये ‘व्हेईकल इन्फो’खाली बहुतेक नव्या गाड्यांत कॅलिब्रेशन आयडी आणि सीव्हीएन दिसतात. पहिला म्हणजे सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचं नाव, दुसरा त्याचा चेकसम, म्हणजे त्या सॉफ्टवेअरवरूनच काढलेला पडताळणीचा आकडा. गाडी देण्याआधी आणि घेतल्यावर दोन्हींचा स्क्रीनशॉट काढा. आकडे बदलले, तर इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललंय, यात वाद नाही. (नेमकं काय बदललं, ते मात्र त्यातून कळत नाही.)

मग जॉबकार्डावरच लिहून मागा: जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, कारण. तोंडी उत्तर घेऊ नका. ईमेल केलात तर उत्तम.

लगेच भांडायलाही जाऊ नका. अपडेटनंतर ईसीयूने गाडी चालता चालता शिकलेली जुळणी अनेकदा पुसली जाते, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन चालू राहणं) वेगळं वाटू शकतं. दोन-तीन टाक्या फुल टू फुल मायलेज काढा, तोच कात्रजचा चढ, एसी तसाच. आधीचे आकडे वहीत असतील तरच तुलनेला अर्थ, म्हणून ती वही आजच सुरू करा.