लढाईचा प्रश्न पडला की आधी पाणी विचारा

"बाई, एवढी घोडी पाणी कुठं पेत असतील?"

असईच्या शिवारात, 1803 च्या लढाईच्या जागी, केळणा नदीच्या काठावर उभं राहून सातवीतल्या एका मुलाने मला हे विचारलं. मी तेव्हा कुणाकडे किती तोफा होत्या ते सांगत होते. त्याच्या घरी दावणीला सहा जनावरं, आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी पाजणं हे त्याचं रोजचं काम. हजारो घोडेस्वार म्हटल्याबरोबर त्याला घागरी दिसल्या. मला त्या कधीच दिसल्या नव्हत्या, आणि मी इतिहासाची शिक्षिका होते.

भोकरदन-जाफराबाद भागात जिल्हा परिषदेच्या शाळांत मी 31 वर्षं शिकवलं. त्या दिवसानंतर एक दोनशे पानी वही केली आणि लेकरांचे लढायांबद्दलचे प्रश्न त्यात उतरवू लागले. आता अशा चार वह्या भरल्या आहेत. असे प्रश्न तुमच्या घरात पडत असतील, किंवा तुम्हालाच पडत असतील, तर त्यांची उत्तरं शोधायची कशी, ते माझ्या अनुभवाने सांगते.

पहिली गोष्ट, प्रश्न जसा आला तसाच लिहून ठेवा. "घोडं मेलं तर पगार कापायचे का?" हा प्रश्न "तत्कालीन लष्करी वेतनपद्धती" असा लिहिला की मेला. मूळ प्रश्नाला सरळ उत्तर आहे. शिलेदार स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन चाकरीला यायचा, बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा. म्हणजे शिलेदाराचं घोडं पडलं की त्याच्या घरचं नुकसान. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: अशा वेळी शिलेदार घोडं जपून लढायचा का? हे एका शेतकऱ्याच्या पोराने विचारलं होतं. उधारीचा बैल आणि घरचा बैल यांतला फरक त्याला ठाऊक होता.

दुसरी गोष्ट, हिशोब घरच्या मापाने करा. घोड्याला किंवा बैलाला दिवसाला किती पाणी लागतं, हे पुस्तकात शोधत बसू नका, गोठ्यात विचारा. आमच्याकडे उत्तर आलं, उन्हाचे दिवस असले तर तीन घागरी. घागर 12 लिटरची धरा. समजा 10,000 घोडी आहेत. झाल्या 30,000 घागरी, म्हणजे 3,60,000 लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येतो तो टँकर 10,000 लिटरचा धरला तर रोज 36 टँकर, आणि यात माणसं, तोफांचे बैल, हत्ती, उंट धरलेलेच नाहीत. फळ्यावर हा आकडा आला तेव्हा वर्ग गप्प झाला होता. टँकरमागे हंडे घेऊन पळालेली लेकरं होती ती. पाण्याचा आकडा त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

हा हिशोब हाताशी घेऊन पालखेडला जा. वैजापूर तालुक्यातलं हे गाव. फेब्रुवारी 1728 मध्ये थोरल्या बाजीरावाने निजाम-उल-मुल्काला इथे गाठलं. लेकरं नेहमी विचारतात, "किती मेले?" त्यांना वाटतं, मोठी लढाई म्हणजे मोठी कत्तल. पालखेडची गोष्ट वेगळी आहे. निजाम पुण्याच्या मुलखात घुसला होता. बाजीराव त्याच्या समोर गेलाच नाही. जालन्याकडचा मुलूख मारला, बऱ्हाणपूरची हूल दिली, गुजरातेकडे वळला आणि शेवटी औरंगाबादच्या रोखाने निघाला. निजामाला आपलं घर वाचवायला परत फिरावं लागलं. घाईत गोदावरी ओलांडताना जड तोफखाना मागे राहिला. मग पालखेडच्या रानात मराठ्यांनी त्याचं पाणी आणि दाणावैरण तोडली. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला, आणि शाहू महाराजांचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. "किती मेले" ऐवजी "पाणी कुणाच्या ताब्यात होतं" असं विचारलं की पालखेड उलगडतं. फेब्रुवारीच्या शेवटी जा आणि विहिरींत डोकावून पाहा. मार्गदर्शक पाटी नसली तरी चालेल.

तिसरी गोष्ट, जागेवर गेलात की गावकऱ्याच्या डोळ्याने बघा. इथे मला असईबद्दल जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण हे आमच्या घरचं रान आहे.

23 सप्टेंबर 1803. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज उतरलेली. शिंद्यांचं कवायती पायदळ पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली होतं, आणि तोफा शंभरच्या घरात. समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याच्याकडे साडेचार हजारांच्या आसपास माणसं. नदी मध्ये, समोरचा काठ तोफांनी रोखलेला. वाटाड्यांनी सांगितलं, नदी पायी ओलांडायला दुसरीकडे कुठे उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली तर खाली नदीच्या दोन काठांवर अगदी समोरासमोर दोन गावं. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी येतात. त्याने ताडलं, दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून वसली असतील तर मधे उतार असलाच पाहिजे. उतार सापडला. फौज तिथून पलीकडे गेली, आणि पोलमनला आपली सगळी पायदळाची रांग काटकोनात फिरवावी लागली.

मी हे वर्गात कितीदा सांगितलं, पण एकदा नदीवरच एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्यात काय मोठं? आमच्या आत्याचं गाव पल्याड हाय, आमी रोज तसंच जातो." तिचं बरोबर होतं. सोयरीक, बाजार, जत्रा, दळण, माणसं नदी ओलांडणारच. म्हणून कुठल्याही रणभूमीवर गेलात की आधी विचारा: पूल नव्हता तेव्हा इथून पलीकडे कसे जायचे? हा प्रश्न गुराख्याला विचारा. उत्तर देताना तो नुसतं बोलत नाही, काठी टेकत पाण्यात उतरूनच दाखवतो. आम्हाला एका बाबांनी असंच दाखवलं, पावसाळा सरताना, पाणी मांडीला लागत होतं. त्याच महिन्यात, तशाच पाण्यातून, डोक्यावरून तोफगोळे जात असताना ती फौज गेली होती. इंग्रजांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून 1,584 झाले, म्हणजे आलेल्यांपैकी तिसरा हिस्सा. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. हे मी लेकरांना त्या उताराजवळ उभं करूनच सांगते.

आता ऐकीव गोष्टींचं काय करायचं? फेकून देऊ नका, तपासा. देवगिरीवर, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, याचा चांगला सराव होतो.

1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हा रामदेवराय यादव किल्ल्यात कोंडला गेला, युवराज शंकरदेव मुख्य फौज घेऊन बाहेर. घाईघाईत कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या गोण्या गडावर चढवल्या, आणि उघडून पाहिलं तर धान्याऐवजी मीठ. ही गोष्ट फरिश्ता नावाच्या फारसी इतिहासकाराने लिहिली आहे, पण तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे घटनेनंतर 300 वर्षांनी. "सांगणारा तेव्हा कुठं होता?" हा पहिला प्रश्न इथे विचारायचा. दुसरी तपासणी आम्ही किराणा दुकानात केली. एक लिटरच्या मापाने आधी ज्वारी भरली, काट्यावर ठेवली: 750 ग्रॅम. त्याच मापाने मीठ भरलं: 1 किलो 100 ग्रॅम. दुकानातला हमाल शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "पाठीवर घेतल्याबरोबर कळतंय की मीठ हाय." मग लेकरांनी वहीत नवा प्रश्न लिहिला: गोण्या वाहणाऱ्यांना कळलं असणार, मग त्यांनी सांगितलं का नाही, की सांगून कुणी ऐकलं नाही? गोष्ट खोटी ठरली असं मी म्हणत नाही. आता ती आम्ही जास्त बारकाईने ऐकतो, एवढंच.

भुयाराच्या गोष्टीलाही हीच कसोटी. मराठवाड्यातल्या प्रत्येक किल्ल्यातून एक भुयार पंचवीस-तीस कोसांवरच्या गावाला जातं, असं लोक सांगतात. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं वर्गात तसं सांगितलं आहे, आणि ते चुकलं. एका मुलाने विचारलं, "आत हवा कुठून येते?" तीन प्रश्न पुरतात: हवा कुठून, पावसाळ्यात झिरपलेलं पाणी कुठे जातं, आणि खोदून काढलेला दगड कुठे टाकला? लांबच लांब भुयाराला या तिन्हींची उत्तरं मिळत नाहीत. देवगिरीची अंधारी, म्हणजे किल्ल्यातली काळोखी वाट, मात्र खरी आहे. तिथे गेलात तर मोबाइलचे दिवे एक मिनिट बंद करा आणि हात कुठे जातो ते बघा. भिंतीला जातो. पाय सरकत सरकत पुढे पडतो. वाट वळते, चढते. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण आणि निखारे, म्हणजे धूर खाली लोटता यायचा. "एवढ्या अरुंद जागेत तलवार कशी फिरवायची?" हे तुम्ही न सांगता लेकरंच विचारतील.

देवगिरीच्या महाकोटाच्या, म्हणजे बाहेरच्या तटाच्या, दारावरचे खिळेही नुसते बघून पुढे जाऊ नका. उंचीने वाढलेल्या मुलाला दारापाशी उभं करा आणि खिळे कुठल्या उंचीवर आहेत ते पाहा, मग दारापासून मागे सरळ किती पावलं मोकळी जागा आहे ती मोजा. हत्तीला धडक द्यायला धाव घ्यावी लागते, आणि दारापुढचं वळण ती घेऊच देत नाही. तरीही 1633 मध्ये मुघलांच्या महाबतखानाने देवगिरी घेतलाच. बाहेरचे कोट सुरुंगाने फोडले, आणि वरचा भाग हाती आला तो मुख्यतः उपासमारीमुळे. दख्खनचा मोठा दुष्काळ नुकताच, 1630 ते 1632, होऊन गेला होता. सुमारे 200 मीटर उंच डोंगर आणि त्याचा तासलेला कडा होता, पण अंबारात दाणा नव्हता.

"पावसाळ्यात लढाया का होत नव्हत्या?" हा प्रश्न माझ्या चारही वह्यांत आहे. त्याचं उत्तर परांड्याला मिळतं. मुलूख-ए-मैदान ही तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली, तिथून परांड्याला आली, आणि 1632 मध्ये आदिलशाहीतल्या मुरारपंताने ती विजापूरला नेली. वजन सुमारे 55 टन. उसाच्या बैलगाडीत किती माल बसतो ते गाडीवानाला विचारा. दोन टन म्हणेल. मग जुलैमधली काळी जमीन आठवा, जिथे रिकाम्या गाडीचंही चाक आऱ्यापर्यंत रुततं. दसऱ्याला सीमोल्लंघन का, ते चिखल वाळल्यावर कळतं. असईसारख्या लढाया अपवादाने झाल्या, पण मोठा तोफखाना हलायला वाळलेली वाट लागते.

शेवटचा भाग म्हाताऱ्या माणसांचा, आणि हे काम लांबणीवर टाकू नका. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या. पहिली चकमक नळदुर्गला, बोरी नदीवरच्या पुलासाठी. पूल शाबूत हाती आला म्हणून पुढची वाट मोकळी झाली. इथेही नदीच आहे, बघा. 17 तारखेला शरणागती जाहीर झाली. सरकारी नाव ऑपरेशन पोलो, आपल्याकडे सगळे पोलीस ॲक्शन म्हणतात. तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली माणसं अजून काही घरांत आहेत. त्यांना तारीख विचारू नका. "तेव्हा रानात काय होतं?" असं विचारा. एका आजींनी लगेच सांगितलं, "मुगाच्या शेंगा तोडायलो होतो, अन् इमानाचा आवाज आला." तिथून पुढे अर्धा तास त्या थांबल्या नाहीत. आणखी एक, कृपा करून एकाच आळीत विचारू नका. रझाकारांच्या भीतीने रानात झोपलेली घरं आहेत, आणि पोलीस ॲक्शननंतर माणसं गमावलेली घरंही आहेत. दोन्हींच्या अंगणात बसा, दोन्ही वहीत लिहा. आजी-आजोबा रडायला लागले तर वही बंद करा. फोनवर आवाज घ्यायचा असेल तर आधी विचारा.

वहीत प्रत्येक उत्तरापुढे तीन गोष्टी असू द्या: कुणी सांगितलं, त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि आपण काय मोजून पाहिलं. सोबत 20 मीटरची दोरी, एक टॉर्च आणि पाणी न्या.

निवृत्त व्हायच्या वर्षी असईलाच एक मुलगी विचारत होती, "बाई, लढाई झाल्यावर ह्या वावरात पेरलं का कुणी?" मी तिला सांगितलं, आजोबांना विचार, इथे रब्बीची ज्वारी कधी पेरतात, आणि ते 23 सप्टेंबरशी ताडून बघ. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. आजोबांचं उत्तर तिने तसंच्या तसं लिहिलं होतं: "हस्त लागायच्या टायमाला. वापसा असला तर चार दिस आदी." खाली तिने स्वतः लिहिलं होतं, म्हणजे लढाई ऐन पेरणीच्या तोंडावर झाली. मग मी तिला 1803-04 च्या दख्खनच्या दुष्काळाबद्दल सांगितलं, आणि तिने तेही त्याच पानावर उतरवून घेतलं.